जावईबापूंची रायफल, विमानाचं बॅगेज आणि नामिबिया : माहिती हवी आहे

रामबागवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारतो.

आमचे जावई मराठीच, पण जन्म आणि शिक्षण कॅलगरीत. तिकडच्या रीतीने रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात. येत्या जूनमध्ये मित्रांबरोबर नामिबियाला शिकारीचा बेत आहे, आणि रायफल स्वतःचीच न्यायची म्हणतात. बेत असा: कॅलगरीहून मुंबई, तिथून इंदूरला आमच्याकडे आठवडाभर मुक्काम, मग मुंबईहून विंडहूक. लेक आणि नातवंडं इथेच राहतील.

विमान कंपनीला फोन केला, तर एकीने सांगितलं वेगळे पैसे पडत नाहीत, बॅगेजमध्येच धरतो. पुन्हा फोन केला, तर दुसरी म्हणाली शस्त्राचा चार्ज वेगळा. तिसऱ्यांदा कोणी फोनच उचलला नाही. नक्की किती लागतात आणि कशाचे? जावईबापूंना विचारायला संकोच वाटतो, म्हणजे विचारलं तर 'बाबा, तुम्ही काळजी करू नका' एवढंच उत्तर येतं.

(शिकार चांगली की वाईट यावर कृपया नको. ती चर्चा घरात रोज चालू आहे.)

महूकर

रामबागवाला साहेब, पैशांचं नंतर बघू. आधी रस्ता बदला. रायफल इंदूरला आणू नका.

मी फौजेत होतो, निवृत्तीनंतर महूलाच राहिलो, शस्त्रांची कागदपत्रं आयुष्यभर हाताळली. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स अॅक्ट आहे. त्याच्या कलम १० मध्ये परदेशी पर्यटकाला फक्त खेळासाठी बेताच्या प्रमाणात शस्त्र आणायची सोय आहे, पण तो केंद्र सरकारने जाहीर केलेल्या देशातला असावा लागतो आणि अटी पाळाव्या लागतात. आता 'खेळ' म्हणजे काय, तर स्पर्धा. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून बंद आहे. मग हा गृहस्थ मुंबईच्या कस्टमला काय सांगणार? सासऱ्यांना दाखवायला आणली? बेताचं प्रमाण म्हणजे किती, हेही शेवटी कस्टमवालेच ठरवणार.

पुढे मुंबई ते इंदूर देशांतर्गत विमान, म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा घोषणापत्र. घरी आल्यावर ती ठेवणार कुठे, तेही सांगा. आठवडाभराच्या पाहुणचारासाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. प्रवासाचे दोन वेगळे भाग करा, रायफल इंदूरचं तोंड बघणार नाही असं.

नेमबाजाची_आई

महूकर काकांना अनुमोदन. आता बॅगेजबद्दल, कारण यात माझे केस पांढरे झालेत. मुलगा ट्रॅप शूटर आहे, म्हणजे हवेत फेकलेल्या थाळ्या शॉटगनने फोडतो, सराव भोपाळच्या अकादमीत, घर इंदुरात. शिकारीची बंदूक आणि स्पर्धेची बंदूक, विमान कंपनीच्या काउंटरवर दोन्ही सारख्याच.

तुम्हाला फोनवर वेगवेगळी उत्तरं मिळाली, कारण प्रश्नच तीन आहेत.

पहिला, ती बॅग तुमच्या हक्काच्या सामानात मोजतात का. अमेरिकेच्या मोठ्या कंपन्या रायफलची केस ही एक नग बॅग धरतात. पहिली बॅग फुकट असेल तर तीही फुकट, दुसरी असेल तर दुसऱ्या बॅगेचे पैसे. दुसरा, तिची लांबी. तिसरा, शस्त्र हाताळण्याचं शुल्क. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या हे ठरावीक रक्कम म्हणून लावतात, बॅगेच्या पैशांव्यतिरिक्त आणि जाताना-येताना वेगवेगळं. फोनवरची बाई यातल्या ज्या प्रश्नाचं उत्तर देते, ते तुम्ही सगळ्याचं उत्तर समजता.

लोक तिसऱ्याला घाबरतात आणि मार खातात दुसऱ्यावर. साध्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. आता घरातली टेप काढा. दुर्बीण लावलेली रायफल अखंड जाईल अशी कडक केस १३० सेंमी लांब, ३५ रुंद, १५ जाड धरली तर बेरीज १८०. झाली ओव्हरसाइज. माझ्या मुलाची शॉटगन मोडून दोन तुकड्यांत बसते. नळी ७६ सेंमीची, केस ८५ बाय २५ बाय १०. बेरीज १२०, म्हणजे अगदी आरामात. एकाच विमानात, एकाच काउंटरवर शेजारच्या रायफलवाल्याला जास्तीचे पैसे भरताना मी बघितलंय आणि आम्हाला काहीच पडलं नाही.

जावयांची रायफल टेकडाउन आहे का विचारा. म्हणजे नळी वेगळी होते का. एवढं कळलं तरी निम्मं बिल कळेल.

रामबागवाला

ताई, फारच उपयोगी. विचारतो. वजनाचं काय? रायफल जड असते ना?

नेमबाजाची_आई

रायफल दुर्बिणीसकट चार-साडेचार किलो, चांगली केस सहा-सात. ११-१२ किलोत काम होतं. नग पद्धतीत २३ किलोची मर्यादा असते, मग लोकांना मोह होतो की उरलेल्या दहा किलोत जाकीट, बूट, कपडे भरू. काही कंपन्या चालवून घेतात, काही केसमध्ये शस्त्राशिवाय काहीही दिसलं की उपसायला लावतात. काउंटरसमोर जमिनीवर मोजे मांडून बसलेला माणूस बघायचा असेल तर हा प्रयोग जरूर करावा. २३ च्या वर गेलात तर ओव्हरवेट, अमेरिकी कंपन्यांत साधारण १०० डॉलर. ३२ च्या वर बऱ्याच कंपन्या एक नग म्हणून घेतच नाहीत.

कॅलगरीचा_गारठा

धागा वाचून लॉगिन केलं. मी मूळचा इंदूरच्या नारायण बागेचा, गेली बरीच वर्षं इथे गारठतोय. स्वतः शिकार करत नाही, पण ऑफिसात अर्धे लोक करतात, त्यामुळे कॉफीच्या टेबलावर हेच ऐकतो.

दोन गोष्टी. एक, कॅनडातून निघणाऱ्या किंवा कॅनडात येणाऱ्या प्रवासाचं एकच तिकीट असेल, तर २०१५ पासून सगळ्या टप्प्यांना सामानाचा एकच नियमसंच लावावा लागतो. मध्ये कंपनी बदलली म्हणून दरपत्रक बदलत नाही. म्हणून कॅलगरी–फ्रँकफर्ट–विंडहूक एका तिकिटावर काढा. स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं काढली, की फ्रँकफर्टला सामान ताब्यात घ्यावं लागेल, म्हणजे रायफल घेऊन जर्मनीत प्रवेश. त्याचे कागद वेगळे आणि दुसऱ्या कंपनीचे पैसेही वेगळे. मात्र दर एक झाला तरी शस्त्र स्वीकारायचं की नाही हे प्रत्येक टप्प्यावर विमान चालवणारी कंपनी ठरवते. दोघींची मंजुरी हवी.

दोन, अमेरिकेमार्गे जाऊ नका. तिकडे परदेशी माणसाला शस्त्र आत आणायला आधी तिकडच्या एटीएफ या शस्त्रं बघणाऱ्या खात्याचा फॉर्म ६ एनआयए मंजूर करून घ्यावा लागतो. तिकिटात वाचलेले पैसे तिथे वेळेच्या रूपाने जातात.

आणि निघण्यापूर्वी इथल्या कस्टमकडून बीएसएफ ४०७ घ्यायचं. रायफलचा सीरियल नंबर लिहिलेलं कार्ड असतं. परत येताना हीच रायफल इथून गेली होती हे त्याच्यावरून सिद्ध होतं, नाहीतर नवीन विकत आणली समजून प्रश्न सुरू.

रालामंडळ

बीएसएफ म्हटल्यावर मी दचकलो. आमच्या घरापासून बीएसएफची शस्त्रशाळा हाकेच्या अंतरावर आहे. म्हटलं, जावयाला तिथे पाठवताय की काय! (हलके घ्या.)

ग्वाल्हेरी

अवांतर: १७ सप्टेंबर २०२२ ला विंडहूकहून थेट आमच्या ग्वाल्हेरला विमान आलं होतं. प्रवासी आठ, सगळे चित्ते, पुढे हेलिकॉप्टरने कुनोला. त्यांच्याकडून एक्स्ट्रा बॅगेज घेतल्याचं ऐकिवात नाही. दात-नखं केबिनमध्येच होती.

बडोदेकर

हाहा. ग्वाल्हेरकरांना चित्त्यांचं अप्रूप! आमच्या गायकवाडांच्या काळात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत, हे बडोद्यात पोरासोरांनाही माहीत आहे.

मला मूळ धाग्यात एक विचारायचंय. हे सगळं करून शेवटी किती पैशांचा प्रश्न आहे? शिकारीचा खर्च लाखांत. त्यात बॅगेचे शंभर-दोनशे डॉलर म्हणजे काय? एवढा ऊहापोह कशाला?

नेमबाजाची_आई

बडोदेकर, शिकाऱ्याला फरक पडत नसेल. नेमबाजाला पडतो. वर्षभरात मुलगा जिथे जिथे जातो तिथे हे दोन वेळा, जाताना आणि येताना. शिवाय त्रास रकमेपेक्षा अनिश्चिततेचा असतो. आमचं एकदा जाताना काही घेतलं नाही, तीच केस, तेच वजन, परतीला त्याच कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या काउंटरने ओव्हरसाइज म्हणून पावती फाडली. कंपनीचं नाव लिहीत नाही. टेप मागितली, तर टेप नव्हती, नजरेने ठरवलं होतं. तेव्हापासून कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतो: केसचं माप, वजन, शस्त्राचा प्रकार, सीरियल नंबर, आणि 'इतके शुल्क लागेल' किंवा 'लागणार नाही'. कागदावर छापून परवान्याबरोबर ठेवतो. फोनवरच्या बोलण्याला काउंटरवर शून्य किंमत.

महूकर

आता काडतुसांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. विमानात माणशी ५ किलो, खोक्यासकट. हा नियम जगभर सारखा आहे, एखादी कंपनी याहून कडक असेल एवढंच. दोघांचे मिळून दहा किलो एका बॅगेत चालत नाही, प्रत्येकाचे वेगळे. स्फोटक किंवा आग लावणारी गोळी अजिबात नाही. केबिनमध्ये तर रिकामी पुंगळीसुद्धा खिशात राहू देऊ नका. जाकिटाच्या खिशात मागच्या शिकारीचं एक काडतूस राहिलं आणि सुरक्षा तपासणीत निघालं, हे जगात कुठल्या ना कुठल्या विमानतळावर सतत घडतं.

एक गंमत बघा. दक्षिण आफ्रिकेत पाहुण्या शिकाऱ्याला एका रायफलीमागे २०० काडतुसं न्यायची मुभा आहे. .३०-०६ या मापाचं रायफलीचं एक काडतूस साधारण २६ ग्रॅम. २०० म्हणजे ५ किलो २०० ग्रॅम, खोकी वेगळीच. म्हणजे देश परवानगी देतो तेवढी विमानच नेत नाही. अर्थात शिकारीला २०० लागतात कोणाला? चाळीस-पन्नास पुष्कळ.

नेमबाजाची_आई

ट्रॅपला लागतात ना काका! १२ बोअरच्या २५ काडतुसांचं खोकं किलोच्या आसपास. पाच किलोत पाच खोकी, म्हणजे १२५ नग. पात्रता फेरीतच १२५ थाळ्या आणि एका थाळीला दोन बार झाडायची मुभा. सराव वेगळाच. म्हणून स्पर्धेच्या गावी विकत घ्यायची, आयोजकांकडे आधी मागणी नोंदवायची. .२२ वाले सुखी, त्यांचं काडतूस साडेतीन ग्रॅमचंही नसतं.

पोहेजिलेबी

मला एक कळत नाही. चांगला माणूस, चांगली नोकरी, विमानात बसून दुसऱ्या खंडात जाऊन मुकं जनावर मारायचं? आणि आपण इथे त्याच्या बॅगेचं माप काढत बसलोय. होळकरांनी रालामंडळच्या टेकडीवर शिकारगाह बांधली, आज तिथे अभयारण्य आहे, पोरं हरणं बघायला जातात. हेच बरं नाही का?

कॅलगरीचा_गारठा

भावना समजते. नामिबियाची बाजू फक्त मांडतो: १९९६ मध्ये त्यांनी कायदा बदलून गावकीच्या राखीव क्षेत्रांना वन्यप्राण्यांवर हक्क दिला, आणि मर्यादित शिकारीचा पैसा त्या गावांकडे जातो. पटो न पटो, तिथलं गणित तसं आहे. विमान कंपन्यांनाही हा प्रश्न पडलेला आहेच. २०१५ च्या जुलैमध्ये झिम्बाब्वेत सेसिल सिंह मारला गेला, त्यानंतर ऑगस्टमध्ये डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या, रानरेडा यांच्या ट्रॉफी, म्हणजे मारलेल्या जनावराचं मुंडकं-कातडं, न्यायला नकार दिला. बंदूक नेतात, मुंडकं नेत नाहीत.

संपादक_मंडळ

मूळ लेखकाने नको म्हटलेली चर्चा सुरू होते आहे. धागा न संपणाऱ्या वादात नेऊ नये. शिकारीच्या नैतिकतेवर वेगळा धागा काढावा.

रामबागवाला

पोहेजिलेबी, तुमचं आणि आमच्या सौ.चं एकमत आहे. तिने तर सांगितलंय, फोटोसुद्धा घरातल्या ग्रुपवर टाकायचा नाही.

जावयांशी बोललो. बोल्ट अॅक्शन .३०-०६, टेकडाउन नाही. केस मोजून घेतली: १३२, ३६, १४. ताईंच्या हिशेबाने १८२, म्हणजे ओव्हरसाइज पक्की. इंदूरला न आणायचंही त्यांनी मान्य केलं. उलट म्हणाले, 'बाबा, मी कुठे आणणार होतो, ते आईंना गंमत म्हणून म्हटलं होतं.' इकडे सासूबाईंनी चार दिवस झोप घालवली!

आता विंडहूकला उतरल्यावर काय? तिथेही पैसे भरायचे का?

महूकर

नामिबियाचं त्या मानाने सरळ आहे. विंडहूकच्या विमानतळावर उतरल्यावर पोलिसांकडे शिकारीच्या रायफलीचा तात्पुरता परवाना तिथल्या तिथे मिळतो, फी नाही. ज्या रायफलीची काडतुसं त्याच रायफलीची असावीत, दुसऱ्या कॅलिबरचं एकही नको. पिस्तूल चालत नाही. ज्या फार्मवर जाणार त्यांचं निमंत्रणपत्र जवळ ठेवावं.

जोहान्सबर्गमार्गे जाऊन तिथे एक रात्र काढायचा मोह झाला तर मात्र दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा सॅप्स ५२० नावाचा फॉर्म आहे. काळ्या शाईनेच भरायचा आणि सही घरी करायची नाही, अधिकाऱ्यासमोरच करायची. निळ्या पेनाने भरून, सही ठोकून नेणारे परत रांगेत उभे राहतात. फौजेतल्या कारकुनाला हा देश आवडला असता.

राजवाडा_चौक

वाचनखूण साठवली. माझ्याकडे वडिलोपार्जित १२ बोअर आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि नंतर आणायची, एवढाच तिचा प्रवास. भावाकडे पुण्याला विमानाने नेता येईल का?

महूकर

परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय बघा. मध्य प्रदेशपुरता असेल तर नाही. अखिल भारत असेल तर चेक-इन बॅगेजमध्ये, रिकामी, परवाना दाखवून. कंपनीला आधी कळवा. पण पुण्यात तिचं काम काय?

राजवाडा_चौक

काही नाही. भावाला वाटतं ती त्याच्या वाट्याची आहे.

तुकोगंज

काउंटरवर नेमकं काय करतात ते कोणी सांगेल का? नुसती उत्सुकता.

नेमबाजाची_आई

आमच्याकडचं सांगते. बॅग रांगेत ठेवायच्या आधीच हळू आवाजात सांगायचं की शस्त्र आहे. मोठ्याने 'बंदूक' म्हटलं की मागची रांग दोन पावलं सरकते. मग सुरक्षेचा माणूस येतो, बाजूला नेतात. केस मुलगाच उघडतो, दुसरं कोणी हात लावत नाही. नळीतून आरपार उजेड दाखवायचा, सीरियल नंबर परवान्याशी ताडतात, कधी कधी तो नंबर इतका बारीक कोरलेला असतो की मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. घोषणापत्रावर सह्या, शस्त्र रिकामं असल्याची चिठ्ठी केसच्या आत. मग कुलूप, आणि किल्ली आमच्याकडे. ही किल्ली महत्त्वाची. अमेरिकेत तर नियमच आहे की केस कडक हवी, कुलूपबंद हवी आणि किल्ली प्रवाशाकडेच राहावी. कुलपं दोन टोकांना दोन लावा. एकच मधोमध लावलं तर कोपरा उचकटून आत बोटं जातात, आणि तशी केस नाकारतात.

या सगळ्याला वेळ जातो, म्हणून तीन तास आधीची वेळ असेल तर आम्ही चार तास आधी. पोचल्यावर बंदूक बहुतेक वेळा पट्ट्यावर येत नाही, कर्मचारी हातात आणून देतो. पट्ट्याकडे बघत बसू नका, ओव्हरसाइजच्या खिडकीशी उभे राहा.

हो, एअर रायफलवाल्यांसाठी: हवेची नळकांडी रिकामी करून काढून ठेवा. २०० बार दाबाने भरलेलं सिलिंडर कोणी विमानात घेत नाही. आणि एअर रायफल आहे, खरी बंदूक नाही, असा वाद काउंटरवर घालू नका. तिथे ती बंदूकच.

कॅलगरीचा_गारठा

रामबागवाला काका, एक शेवटचा पर्याय सुचवतो. नामिबियातले बहुतेक फार्मवाले रायफल भाड्याने देतात, काडतुसांसकट. जाण्या-येण्याचं ओव्हरसाइज, शस्त्रशुल्क, दोन कंपन्यांच्या मंजुऱ्या एका बाजूला आणि भाडं दुसऱ्या बाजूला मांडून बघा. आणि रायफल मागे राहिली, माणूस पुढे पोचला, असं फ्रँकफर्टला झालं तर पहिले दोन दिवस तशीही भाड्याचीच घ्यावी लागते. माझे सहकारी आता दोन गटांत विभागलेत: ज्यांना स्वतःच्या रायफलीशिवाय चैन पडत नाही ते आणि ज्यांच्या बायका हिशेब ठेवतात ते.

रामबागवाला

मंडळी, निकाल लागला. रायफल कॅलगरीतच राहते आहे. हिशेब आमच्या लेकीने मांडला, त्यामुळे अपील नाही. भाड्याच्या .३०८ चं फार्मवाल्याने मान्य केलं, फक्त दुर्बीण जावई स्वतःची नेणार आहेत. ती काढून वेगळी नेली तर शस्त्र धरतात का?

महूकर

शस्त्र धरायचं कारण नाही. पण केबिनमध्ये नेऊ नका, एक्स-रेवाल्याला समजावत बसाल. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका आणि खरेदीची पावती फोनमध्ये ठेवा. जावई इंदूरला येतील तेव्हा काडतुसाचा एक दाणाही बॅगेच्या कप्प्यात नाही ना, हे कॅलगरीतच दोनदा झटकून बघायला सांगा.